ॲडमिनने ओळखलेला खुनी

मिरजेच्या सुमेधा नायगावकरांनी स्वखर्चाने रहस्यकादंबरी छापली आणि तिची जाहिरात सुपरहिरोंच्या चाहत्यांच्या ग्रुपवर टाकली. ॲडमिन पेठकरांनी लगेच तोरा दाखवला, "वाचलीय मी. दहाव्या पानावरच खुनी ओळखला. आमच्या सिनेमांपुढे हा पोरखेळ आहे."

सुमेधाताईंनी विचारलं, "मग कोण आहे खुनी, सर?"

"शेवट फोडायचा नाही, हा ग्रुपचा नियम. त्यापायी सख्ख्या मेहुण्यालाही काढलंय मी."

"नियम नका मोडू. खून कुणाचा झाला, तेवढंच सांगा. कारण मी लिहिलेल्या कादंबरीत फक्त देवळातली घंटा चोरीला गेलीय."

ग्रुपवर हसण्याचा पाऊस पडला. संध्याकाळी कादंबरीची पहिली ऑर्डर पेठकरांचीच आली. सोबत विनंती होती, "हे मात्र ग्रुपवर फोडू नका."