पवन्याचं बी

फार वर्षांपूर्वी माळावरच्या एका गावात एक गवळण राहायची. तिच्या हरणी गाईच्या तुपाची ख्याती पंचक्रोशीत होती आणि ती ख्याती गवळणीच्या डोक्यात जरा जास्तच गेली होती.

गावाचं कुरण सामाईक होतं. पवन्या, मारवेल, कुसळी अशी कितीतरी गवतं तिथे एकत्र नांदायची. त्यांच्या आडोशाला लावा पक्ष्यांची घरटी असायची. रीत एकच होती: बी झडल्याशिवाय गवताला विळा लावायचा नाही.

पण कोवळा पवन्या गोड! एके वर्षी गवळणीने बी धरण्याआधीच तो कापला. हरणीचं दूध वाढलं. मग काय, सगळ्या गावाने तिचा कित्ता गिरवला. चांगलं काही शिकायला माणसं इतकी घाई करत नाहीत.

काही वर्षांत गोड गवतं दिसेनाशी झाली. कुसळीला कुणी हात लावत नव्हतं, म्हणून तीच माजली. तिची टोकदार कुसळं हरणीच्या तोंडात रुतली. गाय चारा टाकून नुसती उभी राहायची आणि गवळणीचा जीव तुटायचा.

एके सकाळी तिला उतारावर पवन्याची शेवटची चार ठोंबं दिसली. तिने विळा उगारला.

"ताई, हरणी आज खाईल," ठोंबाखालून लावा बोलला, "पण पुढच्या वर्षी काय?"

"तिचं तोंड सोललंय रे! माझ्याने बघवत नाही."

"माझीही सगळी भावकी हे कुरण सोडून गेली, ताई. लपायला एवढंच राहिलंय."

गवळण विळा कमरेला खोचून मागे फिरली. मग घरी आली आणि हरणीला दूरच्या गावी, बहिणीकडे सोडून आली. निघताना गाईने वळून पाहिलं, तेव्हा गवळणीला रडू आवरलं नाही.

तिने त्या ठोंबांची राखण केली आणि पिकलेलं बी माळभर टाकलं. पुढच्या पावसाळ्यात ती गावकऱ्यांना म्हणाली, "चूक मी शिकवली, आता हेही माझ्याकडूनच शिका. जे माजलंय ते कोवळं असतानाच कापा, आणि जे विरळ झालंय त्याला बी धरू द्या."

हळूहळू पवन्या परतला, इतर गवतं परतली, लावे परतले. हरणी मात्र परतली नाही. थकून तिने बहिणीच्या गोठ्यातच डोळे मिटले. आली ती तिची कालवड. ती पवन्यात तोंड घालून चरू लागली आणि गवळण तिच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. हे गवत तिच्या आईला मिळायला हवं होतं.

मुलांनो आणि मोठ्यांनो, धरणीकडून जरूर घ्यावं, पण तिच्यापाशी बी उरेल एवढं राखूनच घ्यावं.