ओढ्याची जागा

“मग त्या ओढ्यात ठेवायचं तरी काय, माई? नुसते धोंडे?”

तात्या विरकरांनी पुन्हा तेच विचारलं. ते शेवरेवाडीचे सरपंच. गावामधून जाणारा कोरडा ओढा बुजवून तिथं घरांचे प्लॉट पाडायचे, असा त्यांचा आराखडा. उद्या ग्रामसभा. पण माळावरच्या मठातून होकार आल्याशिवाय गाव हात वर करणार नव्हतं.

आणि मठ चालवणारी ही गोदामाई त्यांच्या निम्म्या वयाची!

“बोला की. तुमच्याएवढी लेक आहे मला.”

“मग तिला विचारायचं होतं, तात्या.”

“विचारलं. भांडली.”

माई हसली आणि पळसाची पानं बांबूच्या चोयांनी टाचून पत्रावळी करत राहिली. बाहेर उन्हात माळ हलत होता. लांबवर पाण्यासारखं काहीतरी चमकत होतं, बघता बघता विरत होतं.

“वर्षातनं चार दिवस वाहतो तो,” तात्यांचा आवाज उतरला. “माझा बाळू शहरात एका खोलीत संसार करतो. म्हणतो, गावात घरापुरती जागा द्या, परत येतो. अशी किती पोरं… मला झोपेत दिसतं, माई. दिव्यांची रांग. दारात नातवंडं.”

“आणि विहीर?”

ओढ्याकाठची, त्याच्याच पाझरावर भरणारी विहीर. गेल्या उन्हाळ्यात गावात तेवढी एकच जिती राहिली होती.

“विहिरीला मी बोटसुद्धा लावत नाही.”

“बोटसुद्धा लावत नाही…”

माईनं हातातलं शेवटचं पान टाचलं. मग पत्रावळींचा गठ्ठा तिनं त्यांच्यापुढं सरकवला.

“आज पौर्णिमेची पंगत. पानं तुम्ही मांडा. आखणीत तुमचा हात बसलाय.”

तात्या खुलले. धोतर खोचून उठले.

मठाचं अंगण केवढंसं! दरवेळी दोन ओळी बसायच्या, बाकीचे उन्हात ताटकळायचे. तात्यांनी पलीकडच्या भिंतीपासून सुरुवात केली. एक ओळ मांडायची, वाढायची, माणसं बसवायची, लगेच पुढची. पान ठेवता ठेवता त्यांचे डोळे जड झाले. हे पान बाळूचं घर. हे शेजारचं. इथं दिवा, तिथं तुळस… हिरवी पानं पसरत गेली आणि त्यांना वाटलं, आपण झोपेतलंच गाव मांडतोय. ओळींमधली रिकामी पट्टी दिसली, तिथंही पानं बसली. शेवटची ओळ स्वयंपाकघराच्या उंबऱ्याला टेकली.

पाठीला पाठ लागली. उन्हात कुणी उरलं नाही.

“बघा माई!” तात्या उंबऱ्याजवळच्या पानावर बसत म्हणाले. “तेच अंगण. इंचभर जागा वाया नाही!”

“खरंच नाही,” माई म्हणाली आणि आत गेली.

गावानं पहिला घास घेतला. ज्वारीची भाकरी, लाल ठेचा.

“तात्या, सरपंच शोभता बरं का!”

मग कुणाला तरी ठसका लागला. मग आणखी एकाला.

“पाणी वाढा हो!”

“पाणी!” पलीकडच्या भिंतीकडून म्हातारी शेवंताआत्या ओरडली. “जीव जातोय की माझा!”

उंबऱ्यात माई उभी होती. कमरेवर घागर, काठोकाठ भरलेली. एकानं घ्यायला हात पुढं केला आणि मागं ओढला. खरकट्या हातानं घागरीला शिवायचं नाही, ही मठाची रीत.

माई हलली नाही.

“अहो माई, आत्या कासावीस झाली!” तात्यांचेही डोळे भरून आले होते. “आणा की पाणी!”

सगळं अंगण तिच्याकडं बघू लागलं…

“आणलंय, तात्या,” माई म्हणाली. “कुणाच्या पानावर पाय देऊन येऊ?”