जाणाऱ्यांची वाट

एका नदीच्या अलीकडच्या काठावर एकदा एका वृद्ध आचार्यांची पाठशाळा होती. नदी वर्षाचा बराचसा काळ शहाण्यासारखी वागे, नाव मजेत ये-जा करी. पावसाळ्यात मात्र ती कुणाचेही ऐकत नसे. नावाडी नाव उलटी घालून ठेवी आणि दोन्ही काठांची माणसे एकमेकांकडे नुसती पाहत राहत.

आचार्यांचा एक शिष्य पलीकडच्या गावचा होता. मागच्या पावसाळ्यात त्याचे वडील वारले. निरोप पोचायला मार्गच नव्हता. एका सकाळी पलीकडच्या घाटावर धूर दिसला, धुराभोवती माणसे दिसली, आणि त्यांतली आई त्याने तिच्या उभे राहण्यावरून ओळखली. त्याने जीव तोडून हाक मारली. पाण्याच्या आवाजात ती कुठच्या कुठे गेली. दिवसभर तो काठावर उभा होता, आणि अंधार पडल्यावर आचार्यांनी त्याला हाताला धरून आत नेले.

त्या दिवसापासून त्याच्या मनाने एकच घेतले, की या नदीवर पूल व्हायलाच हवा. पूर ओसरताच तो गावोगाव हिंडू लागला. लोकांनी यथाशक्ती हातभार लावला आणि पुलाची एकेक कमान उभी राहू लागली. पण या धावपळीत एक गंमत झाली, आणि ती तुमच्या-आमच्या घरीही होत असते. ज्या आईच्या ओढीने त्याने हे सारे मांडले होते, तिच्याकडे जायलाच त्याला सवड होईना. नाव तर रोज सुटत होती. आई नावाड्याबरोबर निरोप पाठवी, "एकदा तोंड दाखवून जा रे." हा उलट सांगे, "पुलाचं मार्गी लागू दे, मग रोजच भेटू." नावाडी बिचारा दोन्ही निरोप इमानाने पोचवी.

उन्हाळा आला. पुलाच्या कामाला अजून बरेच धन कमी पडत होते. तेव्हा शिष्याने पाठशाळेच्या अंगणात एक जलसा करायचे ठरवले. एका नामांकित गायिकेने बिदागी न घेता गाण्याचे कबूल केले. गावोगाव दवंडी पिटली गेली. एक धनाढ्य व्यापारी तर म्हणाला, "लोकांकडून येईल ते येऊ द्या. शेवटच्या कमानीचा भार माझा." त्याची अट एवढीच होती, की अंगणाच्या भिंतीवर त्याचे नाव ठळक अक्षरांत लिहावे आणि त्या नावाखाली त्याची लोड-तक्क्यांची बैठक असावी. शिष्याला यात गैर काही वाटले नाही. खरे सांगायचे तर मलाही वाटले नसते. पूल होतोय ना, मग एका भिंतीचे काय एवढे!

आता हे अंगण कसे होते ते सांगितले पाहिजे. एका बाजूला पाठशाळेची इमारत, दुसऱ्या बाजूला नदीची खोल दरड, समोर दगडी दार आणि दाराबाहेर अरुंद बोळ. चौथ्या बाजूला ती भिंत, आणि भिंतीपलीकडे मोकळा माळ. वर झावळ्यांचा मांडव घातला होता.

आपल्याकडे कार्यक्रम म्हटला की पहिली चर्चा हारांची होते. इथेही तसेच झाले. दाराला झेंडूची कमान चढली, रांगोळी कुणी काढायची यावरून रुसवेफुगवे झाले, गुलाबपाण्याच्या दाण्या घासूनपुसून ठेवल्या गेल्या. सगळे सजल्यावर शिष्य मोठ्या उमेदीने आचार्यांना दाखवायला घेऊन आला.

आचार्यांनी सगळे न्याहाळले. मग विचारले, "लोक कुठून येतील?"

"या दारातून, गुरुजी. इथे त्यांच्यावर गुलाबपाणी शिंपडायचं."

"छान. आणि जातील कुठून?"

शिष्य हसला. "जातील कुठून म्हणजे? दार एकच तर आहे."

आचार्यांनी मांडवाच्या खांबांना लावलेल्या मशाली उतरवायला सांगितल्या, त्यांच्या जागी बंद काचेचे कंदील आणवले, आणि प्रत्येक खांबापाशी पाण्याची भरलेली घागर ठेवायला लावली. शिष्यमंडळी आपापसांत कुजबुजली, "गाणं ऐकायचंय की आग विझवायचीय?" पण सांगितले तसे केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ठण्‌ ठण्‌ असा आवाज येऊ लागला. शिष्य धावत अंगणात आला, तर आचार्य धोतराचा काचा मारून, पहारीने भिंत पाडत होते. व्यापाऱ्याचे अर्धे नाव लिहून झाले होते, त्यातली पहिली दोन अक्षरे जमिनीवर आली होती. रंगारी हातात कुंचला धरून तोंड उघडे टाकून पाहत होता.

"गुरुजी! अहो, हे काय करताय?"

"बरा आलास. धर जरा, हा दगड मला एकट्याला हलत नाही."

"त्याच्यावर शेठजींचं नाव आहे!"

"आहे खरं. अक्षर मोठं सुबक काढलंय याने," आचार्य म्हणाले आणि त्यांनी पहार पुन्हा उचलली.

दुपारपर्यंत दोन बैलगाड्या शेजारी शेजारी जातील एवढे खिंडार पडले. आचार्यांनी दगड स्वतः उभे राहून बाजूला रचून घेतले, माळापर्यंतची जमीन सपाट करून घेतली. व्यापारी आला तेव्हा त्याच्या नावाचे तुकडे ढिगात ठिकठिकाणी दिसत होते. त्याचा पारा चढला.

आचार्यांनी हात जोडले. "शेठ, राग मानू नका. आपलं नाव दारावरच्या कमानीवर लावतो. येणारा प्रत्येक माणूस वाचेल."

"कमान चार दिवसांत वाळून जाईल. मला भिंत कबूल केली होती. आणि माझी बैठक?"

"बैठक पुढे घालू, गाणारीच्या समोर. इथे मात्र कुणालाच बसता येणार नाही. ही वाट मोकळी ठेवायची आहे."

"कसली वाट? इथून कोण येणार आहे?"

"येणार कुणी नाही, शेठ."

व्यापाऱ्याला यात आपली थट्टाच दिसली. तो तरातरा निघून गेला, आणि त्याच्याबरोबर पुलाची शेवटची कमानही गेली. शिष्याने गुरूंशी बोलणे टाकले. त्या दिवशी त्याने त्यांच्या समोर ताट ठेवले तेही मान दुसरीकडे करून.

जलसा मात्र असा रंगला की बोलायची सोय नाही. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त माणसे लोटली. पलीकडच्या काठावरून नावा भरभरून आल्या. गायिकेने सासुरवाशिणीचे एक पद असे आळवले की बायकांच्या बाजूला पदर डोळ्यांना लागले. शिष्य व्यासपीठाजवळ नुसता भिरभिरत होता. पाहुण्यांना नारळ, देणगीदारांना हार, गायिकेला गरम पाणी. आचार्यांसाठी मांडलेले आसन रिकामेच होते. ते पूर्ण वेळ त्या खिंडारापाशी हातात कंदील घेऊन उभे होते. कुणी वाटेत बसू लागला की म्हणत, "इथं नको बाळ, जरा पुढे सरक." गाणे संपल्यावर माणसे उठली, काही दारातून, बरीचशी माळावरून, बोलत बोलत निघून गेली आणि एवढे मोठे अंगण पाहता पाहता रिकामे झाले.

सकाळी शिष्य आचार्यांपुढे येऊन उभा राहिला. त्याचे डोळे सुजलेले होते.

"गुरुजी, लोकांनी भरभरून दिलं. तरी शेवटच्या कमानीपुरतं राहिलंच."

"हं."

"काल कुणी पडलं नाही. कुणी चेंगरलं नाही. एक ठिणगीसुद्धा उडाली नाही. काहीच झालं नाही, गुरुजी!" त्याचा आवाज चढला. "मग भिंत कशासाठी पाडलीत? यंदाच्या पावसात मी पुन्हा या काठावर, आणि आई त्या काठावर. ती आता एकटी असते हो. तिला काही झालं तर मी परत नुसता धूरच बघायचा का?"

आचार्य रचलेल्या दगडांवर बसले. त्याला शेजारी बसवून घेतले.

"काहीच झालं नाही," ते म्हणाले, "हे वाक्य मला एकदा कुणीतरी ऐकवायला हवं होतं रे. मी तेव्हा गृहस्थ होतो. आमच्या गावी धर्मशाळेसाठी असाच जलसा होता. करणारी माणसं सज्जन होती, काम पुण्याचं होतं. माझी पत्नी शेजारणींबरोबर निघाली. उंबऱ्यावर थांबून म्हणाली, 'येते हं.' मी बरं म्हटलं. मांडवाच्या झावळ्यांना मशालीची ठिणगी लागली. आग एवढीशीच, दोन घागरींत विझली. आगीनं कुणी गेलं नाही. पण सगळे एका दाराकडे धावले होते. ती त्या दारात गेली."

शिष्याने मान वर केली.

"आपल्याकडे घराबाहेर पडणारा माणूस जातो म्हणत नाही, येतो म्हणतो. किती सहज म्हणतो! पण काल इथे आलेला प्रत्येक जण कुणाला तरी हेच सांगून आला होता. तो शब्द खरा करणं एकट्या त्याच्या हाती नसतं, बाळ. ज्यानं बोलावलं, त्याच्याही हाती असतं. तुला कमान दिसत होती, पूल दिसत होता. मला घरोघरची दारं दिसत होती. धर्मशाळा पुढे झाली, फार देखणी झाली. शेकडो वाटसरू तिथं विसावतात, त्यांचं कल्याण होवो. मी आजवर तिची पायरी चढू शकलो नाही. अजूनही संध्याकाळी दाराला कडी लावताना हात थांबतो. ती यायची नाही, हे मला ठाऊक आहे. हाताला ते अजून समजलेलं नाही."

नदीवरून वल्ह्यांचा आवाज येत होता.

मग आचार्य म्हणाले, "काल तुझी आई आली होती."

"माझी आई? इथे?"

"बायकांच्या गर्दीत, अगदी मागे. या दगडांपासून हातभर अंतरावर बसली होती. जाताना माझ्या पाया पडली. मी म्हटलं, बोलावून आणू का त्याला? म्हणाली, 'नको गुरुजी, कामात आहे तो. लांबून बघितला, पोट भरलं.' नाव सुटायची वेळ झाली होती."

शिष्याने बायकांच्या बसण्याच्या जागेकडे पाहिले. तिथून समोरच्या दगडी दाराकडे पाहिले. मधे केवढी गर्दी होती, ती त्याला आठवली. तो उठला, आचार्यांच्या पायांवर डोके ठेवले आणि घाटाकडे धावत सुटला. नावाडी नाव सोडतच होता.

आई अंगणात शेणसडा घालत होती. त्याला पाहून तिच्या हातातली बादली तशीच राहिली.

"अगंबाई! तू कसा आज? बरं आहे ना सगळं?"

"काल येऊन मला न भेटता गेलीस?"

"भेटायचं काय त्यात? तुझी केवढी धांदल चालली होती! बाकी छान झालं हो सगळं. एवढा लोटला होता गाव, पण कुणाला साधा धक्का नाही. आम्ही बायका गाण्याच्याच गप्पा मारत होतो, कधी बाहेर पडलो ते कळलंसुद्धा नाही." मग तिला त्याचा चेहरा दिसला. "अरे, डोळ्यांत पाणी कशाला? पुलाचं राहिलं म्हणून? होईल रे पुढच्या वर्षी."

"पुलासाठी नाही गं," तो म्हणाला, आणि तिचे शेणाने भरलेले हात त्याने दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवले.

तो पावसाळा त्याने आचार्यांच्या आज्ञेने आईपाशीच काढला. पूल त्याच्या पुढच्या वर्षी झाला.

सत्कार्यासाठी लोकांना अवश्य बोलवावे, पण आलेल्या प्रत्येकाच्या घरी कुणीतरी त्याची वाट पाहत आहे, एवढे मनात धरून बोलवावे.