आढ्यावरचा पहिला पत्रा

"आक्का, बारा वर्षं झाली. मला कानमंत्र कधी देणार?"

आक्कांच्या शिष्याने, रेवणाप्पाने, हे सगळ्या मठासमोर विचारलं. श्रावणातला सोमवार होता. बाहेर पाऊस कोसळत होता आणि गावातली पन्नासेक माणसं सभामंडपात दाटीने बसली होती. विचारायला हाच दिवस त्याने मुद्दाम निवडला होता, हे मला ठाऊक होतं.

मठाच्या प्रमुख चन्नाक्का गादीवर बसल्या होत्या. गादी म्हणजे फळ्यांचा एक बैठा पलंग आणि त्यावर घोंगडं. दिवसा त्या तिथे बसत, रात्री तिथेच झोपत. पण ज्याच्या कानात आक्का मंत्र सांगतील, तोच त्यांच्या पश्चात त्या घोंगड्यावर बसणार होता.

आक्कांनी मंत्राचं काही काढलं नाही.

"मागच्या खोलीचं छप्पर गळतंय म्हणं," त्या म्हणाल्या.

रेवणाप्पा तयारीतच होता.

"त्यासाठीच दौलू मिस्त्रीला बोलावून घेतलंय. वैशाखात जुनी कौलं काढून नवे पत्रे घातले. पाऊस लागला आणि आठ दिवसांत पाणी आत! धर्माच्या कामात अशी लबाडी? याला यापुढे मठाची पायरीसुद्धा चढू देऊ नये."

दौलू खांबापाशी उभा होता. चाळीस वर्षं या खोऱ्यातली घरं शाकारलेला माणूस. त्याने मान वर केली नाही.

"दौलू, बोल की."

दौलू खांबापासून एक पाऊल पुढे आला.

"तुझ्या हातचं काम हाय न्हवं?"

"हातचं हाय, आक्का. डोक्यातलं न्हाई."

"म्हंजे?"

"पत्रा खालनं, वळचणीकडनं वर घालत जायचा. मग वरच्याची कड खालच्यावर येती आन् पाणी घरंगळून जातंय. मी तसंच मांडलं व्हतं. तर रेवणाप्पा स्वामी म्हणालं, आढ्यावर पूजा झाली, पयला पत्रा आढ्यालाच ठोक. तितनं खाली ये. मी म्हणलं, आवं, असं केलं तर खालचा पत्रा वरच्याच्या वर बसंल, समदं पाणी जोडात शिरंल…"

"मग?"

"मग स्वामी म्हणालं, आक्कांचा शब्द हाय."



आक्कांनी असा शब्द दिलेला नव्हता. छपराचं त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. त्यांच्या नावावर एका कारागिराला गप्प बसवलं होतं, आणि आता रेवणाप्पा त्यालाच लबाड ठरवायला निघाला होता.

"आढं म्हणजे शिखर, आक्का," रेवणाप्पा म्हणाला. त्याचा आवाज प्रवचनातलाच होता. "आरंभ शिखरापासून व्हावा, एवढाच माझा भाव होता. आणि थोडं पाणी आलं तर काय मोठंसं? जिथं देहच नश्वर…"

"आंबू कुठं हाय?"

आंबूबाई दारातच उभी होती, हातात पिळलेलं फडकं घेऊन. ती मठाची झाडलोट करते आणि त्या बदल्यात मागच्या खोलीत राहते. तिचा नवरा भैरू दोन वर्षांपासून अंथरुणाला खिळलेला. त्याचं मानेखालचं अंग हलत नाही, वाचाही गेलेली.

"मी तीनदा सांगितलं स्वामीस्नी," ती म्हणाली. "खाट कुठंबी सरकवली तरी कुठल्यातरी जोडाखालीच येती. तर म्हणालं…"

"काय म्हणालं?"

"अभिषेक समजा, म्हणालं."

माझं डोकंच फिरलं. ज्या माणसाला तोंडावरचं पाणी पुसायला हात उचलता येत नाही, त्याला हे सांगायचं! तोंडाशी शिव्या आल्या. मठात होतो म्हणून गिळल्या, आणि त्या गिळल्याचं मला आजही वाईट वाटतं.

आक्का उठल्या. कुणाचा हात न धरता मागच्या खोलीकडे चालू लागल्या, आणि आम्ही त्यांच्या मागून गेलो.

खोलीत पातेली, तांबे, एक परात, जे हाताला लागलं ते मांडून ठेवलं होतं. सगळी भांडी ओळीत होती. वर पत्र्याचे जोड जिथे होते, बरोबर त्यांच्या खाली.

भैरू खाटेवर उताणा होता. त्याने डोळे मिटले, मग थेंब पडला. डोळे उघडले. पुन्हा मिटले, पुन्हा थेंब पडला. थेंब कधी येणार ते त्याला आता पाठ झालं होतं.

आक्का रेवणाप्पाकडे वळल्या. आवाज चढलेला नव्हता.

"अभिषेक हाय न्हवं? हितं उभा ऱ्हा. वर बघ."

"आक्का…"

"वर बघ."

तो भांडं सरकवून उभा राहिला. पहिला थेंब कपाळावर पडला. दुसरा भुवईवर. तिसऱ्याला तो बाजूला झाला.

"सरकलास," आक्का म्हणाल्या.

"डोळ्यात गेलं, आक्का."

 आक्कांनी भैरूकडे पाहिलं.

मग म्हणाल्या, "उचला."

आम्ही चौघांनी खाट उचलली. खाटेचा एक पाय माझ्या हातात होता. भैरू काटकुळा झाला होता, त्याचं काहीच वजन नव्हतं. जड झाली होती ती भिजलेली वाकळ.

सभामंडपावर अजून जुनी कौलंच होती. तिथे एक थेंब गळत नव्हता. आक्कांनी गादीवरचं घोंगडं झटकलं आणि सारखं केलं.

"हितं निजवा."

"आक्का!" रेवणाप्पा पुढे धावला. "ती गादी आहे! तिथं आजवर कुणी…"

"कोरडी हाय."

आंबूबाई मागे सरली. तिला एवढा मान सोसवेना. आक्कांनीच तिच्या हातातलं फडकं घेतलं आणि भैरूचं तोंड पुसलं. आम्ही त्याचे ओले कपडे काढले, त्याला उचलून घोंगड्यावर निजवलं. आक्कांनी अंगावरची शाल काढून त्याला पांघरली.

भैरू वर कौलांकडे बघत होता. सवयीने त्याने डोळे मिटले.

काही पडलं नाही.

त्याने डोळे उघडले. पुन्हा मिटले… आणि मग उघडे ठेवले. आंबूबाई खांबाला धरून रडू लागली. आम्हा कुणाला एकमेकांकडे बघवेना.

आक्का खाली, जमिनीवर बसल्या. तिथे माणसांच्या पायांचा चिखल होता. दौलू पोतं आणायला वळला, त्याला त्यांनी हाताने थांबवलं.

"आणि मी?" रेवणाप्पा म्हणाला. प्रवचनाचा आवाज गेला होता. "बारा वर्षं सेवा केली, आक्का. माझं काय?"

आक्कांनी दाराबाहेर पाहिलं. पाऊस उघडला होता. वळचणीचं पाणी तेवढं ठिबकत होतं.

"ये," त्या म्हणाल्या. "कान दे."

 रेवणाप्पाचा चेहरा उजळला. तो घाईने गुडघ्यांवर बसला, उपरणं सारखं केलं, डोळे मिटले, हात जोडले आणि कान पुढे केला. मागे बसलेल्या माणसांनीही हात जोडले. एका म्हातारीने तर डोक्यावर पदर घेतला.

मी गादीच्या पायथ्याशी होतो, म्हणून मला ऐकू आलं. आक्का त्याच्या कानाशी वाकल्या आणि म्हणाल्या,

"दौलू वर चढंल. तू खाली शिडी धर."