केशवचा भराव

“अंगण माझं, माती माझी, मग पंचायतीचा नियम मध्ये कुठून आला, बुवा?”

केशव मठाच्या पायरीवर धड टेकलाही नव्हता. अच्युतबुवा वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

“कसला नियम?”

“शेजाऱ्यापेक्षा अंगण उंच करायचं नाही म्हणे. केलंच तर कडेने गटार काढून पाणी वाहत्या व्हाळात सोडायचं. उद्या सरपंच माणसं घेऊन येतायत, माझा भराव उकरायला. तुमचा शब्द ते मोडणार नाहीत. एकदा सांगून बघा.”

“गटार का नाही काढलंस?”

गटार काढणं काही अवघड नव्हतं. पण खालच्या अंगाला चुलतभाऊ दत्ताराम राहत होता, आणि दत्तारामचं काहीही बरं झालेलं केशवला बघवत नसे. त्याने घराची कौलं बदलली, त्या दिवशी केशवला जेवण गेलं नव्हतं. मग केशवने तळ्यातली गाळाची माती आणून अंगण हातभर चढवलं. पाऊस झाला की सगळं पाणी दत्तारामच्या दारात. ते बघून केशवच्या जिवाला थंडावा मिळायचा.

“दत्तारामला फार त्रास झाला असेल,” बुवा म्हणाले.

“त्याला कसला त्रास!” केशव उसळला. “मेल्याने चिखलात केळी लावल्या. एकेक घड बघाल तर... माझी माती पाण्याबरोबर वाहून जाते नि हा आयता बसून खातो. माझ्या अंगणात नुसते खडे उरलेत. तुळससुद्धा धरेना. आणि मी आपला दरवर्षी नवी माती घालतोय.”

“दरवर्षी?”

“मग काय, सोडतो की काय त्याला!”

बुवा उठले. आतून केळ्यांची फणी घेऊन आले. एक केळं सोलून त्यांनी केशवच्या हातात दिलं.

केशवने मोठा घास घेतला. “कुठलं हो हे?”

“दत्ताराम देऊन गेला.”

घास तोंडातच थांबला. म्हणजे मठातही हा आधी पोचला! बुवांनाही यानेच खूश केलं! केशवच्या अंगाची लाही लाही झाली. बुवांनी हाताने दिलेलं, थुंकवेना. दत्तारामचं, म्हणून गिळवेना.

“गोड आहे?”

केशव घास या गालातून त्या गालात फिरवू लागला.

“केशव, गोड आहे का?”

“आहे,” तो कसाबसा म्हणाला. त्याचे डोळे भरून आले. “पण बुवा, सरपंचांना... सांगाल ना?”

“सांगतो तर.” बुवा पुन्हा वाती वळायला बसले. “केशवचा भराव मुळीच काढू नका म्हणतो. दत्तारामच्या कडेच्या केळी अजून व्यायच्या आहेत.”