मानेतली नळी

"पण जंतू शिरलेच कुठून, सिस्टर?"

डॉक्टर कौस्तुभ टिळेकरांनी तिसऱ्यांदा विचारलं. हातात रक्ताचा रिपोर्ट होता. समोर, अतिदक्षता विभागातल्या चौथ्या खाटेवर, सुगंधा तापाने फणफणत होती.

मण्यार चावलेली बाई. घरच्यांनी आधी मांत्रिकाकडे नेली. त्याने मंत्र पुटपुटत फुंकरा मारल्या, दोन तास वाया घालवले. त्यावरून टिळेकरांनी तिच्या नवऱ्याला सगळ्यांसमोर फैलावर घेतलं होतं. तरी बाई चिवट. विष उतरलं, श्वास परतला, परवा लेकीशी दोन शब्द बोललीसुद्धा. आणि आता हे! औषधांसाठी मानेत घातलेल्या नळीवाटे जंतू रक्तात भिनले होते. रक्तदाब काही केल्या वर येत नव्हता.

"सफाईवाले नीट पुसत नाहीत," टिळेकर म्हणाले. "त्यात तो एसी गळतोय."

"आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी," गावित सिस्टर पुटपुटल्या. एकतीस वर्षं या विभागात काढलेली बाई. नवे डॉक्टर साधे हात धुवायलासुद्धा त्यांच्याकडूनच शिकत. "नळी कुणी घातली?"

"मी. चार मिनिटांत! इथे दुसऱ्या कुणाला जमतं का?"

"नाही जमत..."

सिस्टरनी जंतुनाशकाचा बोळा उचलला, टिळेकरांचं मनगट धरलं आणि कातडीवर फिरवला.

"वाळू द्या."

टिळेकर थांबले. पाच सेकंद... दहा... काय हा पोरखेळ! सवयीने त्यांनी मास्क खाली ओढला आणि मनगटावर हलकेच फुंकर मारली.

सिस्टरनी खाली आलेल्या मास्ककडे बघितलं. मनगट सोडलं नाही.

टिळेकरांना आठ दिवसांपूर्वीची ती मान आठवली. अशीच ओली. सुई तयार, आणि अर्धं मिनिट थांबायचा कंटाळा. तेव्हाही मास्क असाच खाली आला होता. जंतू मारलेल्या कातडीवर त्यांनी स्वतःच्या तोंडातले जंतू फुंकले होते.

"सिस्टर... मीच."

"हं."

मॉनिटरवरचा आकडा आणखी उतरला.

"तिच्या नवऱ्याला आत बोलवा," सिस्टर म्हणाल्या.

"त्याला... काय सांगू?"

सिस्टरनी सुगंधाच्या कपाळावरचा घाम टिपला.

"मांत्रिकाच्या फुंकरीतून ती वाचली होती, डॉक्टर."