शिक्र्याच्या आवाजातली हाक

रान दाट होतं, तेव्हाची गोष्ट. उंबराच्या ढोलीत साळुंकीचं पिल्लू होतं. ऐकलेला कुठलाही आवाज ते लगेच उचलायचं. चाऱ्याला जाताना साळुंकी म्हणायची, "बाळा, हवं ते ऐकत बस."

शेजारचा होला म्हणाला, "वहिनी, ते काय ऐकतंय, कधी जवळ बसून ऐका की!"

"वेळ कुठंय, भावजी? रडत तर नाही ना!"

पिल्लाला शिक्र्याची शीळ फार आवडली. शिक्रा पाखरं मारून खातो, हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं.

एके दिवशी धामण ढोलीकडे चढू लागली. घाबरलेल्या पिल्लानं आईला हाक मारली, पण शिक्र्याच्या आवाजात. चारा घेऊन परतणारी साळुंकी जीव घेऊन उडाली.

पिल्लू जितकं जोरात ओरडलं, तितकी आई लांब गेली.